तानाबाईचा चौथा फोटो

१

काल संध्याकाळी दोरीवर एकतीस फोटो होते. आज सकाळी तीसच उरले होते.

रशिदा मुजावर दारातच थबकली. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. भिंतीला नवा रंग दिलेला, म्हणून खिळे मारायचे नाहीत असं ठरलं होतं. मग एका खिडकीच्या गजापासून दुसऱ्या खिडकीच्या गजापर्यंत दोरी ताणून तिला सुतळीनं एकेक फोटो बांधला होता. त्या रांगेत बरोबर मधोमध हातभर जागा मोकळी पडलेली. दोन सुतळ्या नुसत्याच लोंबत होत्या. खाली चिठ्ठी मात्र जागेवर होती: 'कमळीचा हात. फोटो : तानाबाई.'

"रुचिता! अगं, बांगड्यांचा फोटो कुणी काढला?"

रुचिता चौगुले आतून धावत आली. 'ओसरी'चं सगळं तीच बघायची. कोल्हापुरात कळंब्याच्या तलावाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे घर. मनाच्या आजारातून बऱ्या झालेल्या, इस्पितळानं सोडलेल्या, पण ज्यांच्या घरानं पुन्हा दार उघडलं नाही अशा अकरा बायका इथं राहायच्या. स्वयंपाक त्यांचा त्या करायच्या, औषध त्यांचं त्या घ्यायच्या. अडीनडीला रुचिता आणि राखणीला म्हातारा केरबा, एवढाच काय तो आधार.

चार महिन्यांपासून दर बुधवारी रशिदा इथं फोटो काढायला शिकवायला यायची. बापाचा राजारामपुरीतला स्टुडिओ तिनं तीस वर्षं चालवला होता. लग्नाचे फोटो, पासपोर्टचे फोटो, आणि मेलेल्या माणसाचा चेहरा जुन्या फोटोतून मोठा करून हार घालायला दिलेले फोटो. मोबाईल आले आणि स्टुडिओ बंद पडला. लोकांनी दिलेले दहा जुने कॅमेरे घेऊन ती इथं आली तेव्हा वाटलं होतं, महिनाभर मन रमेल. पण बायकाच अशा रमल्या की आज दुपारी चारला त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. घर चालवणाऱ्या मंडळाचे लोक येणार होते, पेपरवाले येणार होते. कॅमेरे दहा, म्हणून शिकणाऱ्याही दहाजणी; प्रत्येकीचे तीन फोटो लावायचं ठरलं होतं. फक्त तानाबाईचा चौथा फोटो रशिदाला सोडवेना, म्हणून एकतीस. पेपरात तोच द्यायचा असं ती कालच बोलली होती.

"दुसरी प्रिंट काढू की," रुचिता म्हणाली. "लॅपटॉपवर असेल."

रशिदानं लॅपटॉप उघडला. तानाबाईच्या नावाच्या फोल्डरमध्ये अठ्ठ्याऐंशी फोटो होते. तो एक नव्हता. कचऱ्याच्या डब्यातही नव्हता. कपाटातून चार नंबरचा कॅमेरा काढून बघितला, तर कार्डावर पुढचे-मागचे सगळे फोटो जसेच्या तसे, मधला तेवढा पुसलेला.

रुचिता खुर्चीवर बसली. तिचा चेहरा पार उतरला होता.

"रशिदाताई, या घरात लॅपटॉप चालवता येतो तो तिघींनाच. तुम्हाला, मला आणि…"

तिसरं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

२

तिसरं नाव तमन्नाचं होतं.

तमन्ना चोवीस वर्षांची. आजाराच्या भरात तिला दुसऱ्याच्या वस्तू उचलायची सवय लागली होती. फणी, चमचा, कुणाच्या जोडातली एकच चप्पल. उचलायची आणि गादीखाली ठेवायची. इथं आल्यावर दोनदा असं झालं होतं. दुसऱ्या वेळी मंडळानं बजावलं होतं की तिसऱ्यांदा झालं तर पोरगी परत इस्पितळात जाईल. कॅमेरा हातात आल्यापासून मात्र तिनं साधा खडूसुद्धा उचलला नव्हता. बायकांचे फोटो लॅपटॉपवर घ्यायचं काम रशिदानं विश्वासानं तिच्यावर सोपवलं होतं.

"चारच्या आत मला मंडळाला फोन करावा लागेल," रुचिता म्हणाली. "लपवून ठेवलं आणि नंतर कळलं तर घरच बंद करतील. बाकीच्या दहाजणी कुठं जातील?"

रुचिता काही दुष्ट नव्हती. घाबरलेली होती, एवढंच.

"मला दुपारपर्यंतचा वेळ दे," रशिदा म्हणाली.

तमन्ना मागच्या दारी भांडी घासत होती. रशिदा तिच्याशेजारी पायरीवर बसली.

"तमन्ना, तानाबाईंचा फोटो…"

"मीच घेतला." तिनं मान वर केली नाही.

"कशाला गं?"

"आवडला."

"मग दे की परत. कुणी काही बोलणार नाही."

"न्हाय आता. जाळला. पहाटे बंबात घातला."

"आणि लॅपटॉपवरचा?"

"तो बी मीच पुसला. कार्डावरचा बी. रुचिता मॅडमला सांगा. माझं सामान मी भरतो." कोल्हापूरच्या बायकांसारखं ती 'भरतो'च म्हणायची. एरवी रशिदाला त्याची गंमत वाटायची, आज वाटली नाही.

रशिदा उठून न्हाणीघराकडं गेली. बंबापाशी केरबा राख काढत बसला होता.

"केरबा, आज बंब कुणी पेटवला?"

"मीच की. पाचला. रोज मीच पेटवतोय."

"आत कुणी काही घातलं? प्लास्टिकसारखं?"

"छ्या! मी उठलोच न्हाय हितनं पानी तापस्तवर. आनि तसलं काय जळलं आस्तं तर समद्या आळीला वास सुटला आस्ता. गेल्या साली एकीनं बादली घातलीती, दोन दिस नाक धरून फिरत हुतो."

फोटो सनबोर्डवर चिकटवलेला होता. सनबोर्ड म्हणजे दाबलेला फेस. तो जळाला तर काळा धूर आणि उग्र वास. शेजारी बसलेल्या माणसाला कळल्याशिवाय राहिला नसता.

पोरगी खोटं बोलत होती. चोरी लपवायला खोटं बोलणारी माणसं रशिदानं खूप पाहिली होती. पण न केलेली चोरी अंगावर घेऊन इस्पितळात जायला निघालेलं माणूस ती पहिल्यांदाच पाहत होती.

३

ती पुन्हा फोटोंच्या खोलीत गेली आणि त्या दोन सुट्या सुतळ्या हातात घेतल्या. त्या कापलेल्या नव्हत्या, टोकं काल होती तशीच होती. खालच्या टेबलावर कात्री पडलेली असूनही फोटो नेणाऱ्यानं गाठी सोडवल्या होत्या. रशिदानं शेजारच्या फोटोची गाठ सोडवायचा प्रयत्न केला. इकडून ओढली, तिकडून ओढली. गाठ जास्तच घट्ट झाली आणि तिचं नख तुटलं.

बाहेरचं दार रात्री आठला केरबानं कुलूप घालून बंद केलं होतं. आतलं, बायकांच्या खोलीकडचं दार कधीच बंद होत नाही. म्हणजे फोटो नेणारं माणूस आतलंच होतं.

तानाबाई आपल्या कॉटवर बसली होती. उंचीनं ठेंगणी, केस आखूड कापलेले आणि पांढरे. चार वर्षांपूर्वी इस्पितळातून आली, तेव्हा कागदावरच्या पत्त्यावर त्या नावाचं कुणीच नाही असं निघालं होतं. गाव विचारलं की ती म्हणायची, "लांब हाय." मांडीखाली तिनंच शिवलेली वाकळ होती. आज ती उठायचं नाव घेत नव्हती.

"तानाबाई, फोटो गेला की हो तुमचा."

"गेला तर गेला. तीन हायत की म्याडम."

"वाईट नाही वाटत?"

"फोटूच की त्यो. मानूस हाय व्हय?"

"त्या दोरीवरच्या गाठी कुणी मारल्या?"

"मीच की. दाव्याची गाठ हाय ती. जनावर वडंल तशी आवळती. सोडायची म्हंजे आधी मागं सारावी लागती." बोलता बोलता ती थांबली. मग हळूच म्हणाली, "केरबाला बी येती. खेड्यातल्या कुनाला बी येती."

रशिदा तिच्याकडं बघत राहिली. खरं म्हणजे तिच्याकडं नाही, वाकळीकडं. जुन्या लुगड्यांची मऊ वाकळ. दर बुधवारी ती कॉटच्या कडेवरून खाली लोंबायची, तिच्या घड्यांवर सावल्या कशा पडतात हे रशिदानं एकदा सगळ्यांना दाखवलंही होतं. आज ती कडेपाशी लोंबत नव्हती. पाटासारखी सरळ बाहेर आली होती.

रशिदानं तिला हात लावला नाही. फक्त विचारलं, "तुम्ही 'कमळीचा हात' असं नाव दिलंत. ही कमळी कोण?"

"आसंल कोन तरी. तिनंच सांगिटलं नाव."

रशिदाला तो दिवस आठवला. आठवड्यापूर्वी ती दहाजणींना घेऊन गडमुडशिंगीला बाजाराच्या दिवशी गेली होती. गाव तानाबाईनंच सुचवलं होतं. तिथं एका कासाराच्या दुकानापुढं एक मुलगी हिरवा चुडा भरत होती. लग्न तोंडावर आलेलं. तानाबाई कॅमेरा घेऊन उभी राहिली तशी ती मुलगी हसून म्हणाली होती, "काढा की आज्जी, झ्याक काढा." एवढंच. रशिदा दोन पावलांवर होती. मुलीनं नाव सांगितलं नव्हतं. तानाबाईनं विचारलंही नव्हतं. उलट, आधी नाव विचारायचं, परवानगी घ्यायची, मगच बटण दाबायचं हा नियम मोडला म्हणून रशिदानं तिला प्रेमानं दटावलं होतं.

मग नाव कळलं कुठून?

ती परत केरबाकडं गेली.

"काल दुपारी बाहेरचं कुणी आलं होतं?"

"एक पावनं आलतं. प्रदर्शन कवा हाय म्हनून इचारत. हे बगा, लिवलंय." केरबानं वही पुढं केली. 'जोतीराम पाटील, कागल.' "पन खरं सांगू का म्याडम, त्ये काय कागलचं न्हवतं. टेम्पो घेऊन आलतं. मागं लिवलंतं, कमल मंडप, गडमुडशिंगी."

"कमल?"

"व्हय. आनि फोटू बगायला म्हनून आलतं, पन एकाच फोटूफुडं हुबं ऱ्हायलं. मग नळावर तानाबाई पानी भरत हुती, तिच्यासंगं बोललं. पाच मिनटं आसंल. म्या लांब हुतो, ऐकू आलं न्हाय. पन तानाबाईच्या हातनं कळशी पडली, येवढं बगिटलं."

रशिदानं वही मिटली. पाच मिनिटांत त्या माणसानं तानाबाईला असं काय सांगितलं असेल?

४

एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. त्या फोटोची एक प्रत रशिदाच्या मोबाईलवर होती. बहिणीला दाखवायला म्हणून घेतलेली.

ती आवारातल्या आंब्याखाली बसली आणि फोटो मोठा करून बघू लागली. कासाराचा हात, त्यात मुलीचा गोरटेला हात, मनगटापाशी भाजल्याचा जुना डाग. डागावरून अर्धवट सरकलेल्या हिरव्या बांगड्या. एवढंच तिनं आजवर बघितलं होतं. हात इतका सुंदर आला होता की मागं बघायची कुणाला गरजच वाटली नव्हती. पण मागं दुकानाच्या फळीला गिऱ्हाइकांसाठी एक आरसा टांगलेला होता. त्यात मुलीचा अर्धा चेहरा होता आणि तिच्या मागं कॅमेरा छातीशी धरलेली तानाबाई.

तानाबाई कॅमेऱ्यातून बघतच नव्हती. ती उघड्या डोळ्यांनी त्या मुलीकडं बघत होती. म्हणूनच फोटो जरा तिरका आला होता.

रशिदानं आणखी मोठं केलं. तीस वर्षं तिनं माणसांचे चेहरे दुरुस्त केले होते. नाक, डोळे, जिवणी वयानं बदलते, आजारानं बदलते. कानाची ठेवण बदलत नाही. मुलीच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली होती आणि वरची कड किंचित दुमडलेली. तानाबाईचा कानही तसाच. आखूड केसांमुळं तो पुरता उघडा होता.

ती रुचिताच्या खोलीत गेली आणि तानाबाईचा कागद मागितला. सगळे तिला पासष्टीची समजत. कागदावर वय होतं सत्तेचाळीस.

रशिदानं रुचिताला, तमन्नाला आणि तानाबाईला फोटोंच्या खोलीत बोलावलं. तानाबाई उठायला तयार नव्हती. रशिदा म्हणाली, "वाकळ तिथंच राहू दे. तिला कोणी हात लावणार नाही." तशी ती मुकाट्यानं आली.

"रुचिता, तमन्नानं फोटो नेलेला नाही," रशिदानं सुरुवात केली. "तो जाळलेलाही नाही. केरबा पहाटेपासून बंबापाशी होता, सनबोर्डाचा वास त्याला आला असता. दोरीवरच्या गाठी मला सुटल्या नाहीत, तमन्नालाही सुटणार नाहीत. हवं तर बघ."

तमन्ना एकदम पुढं झाली. "मला येतात! मी सोडल्या!"

"मग सोड."

तमन्नानं एका सुतळीला हात घातला. ओढली. पुन्हा ओढली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण गाठ काही सुटेना. तेवढ्यात मागून एक सुरकुतलेला हात आला. गाठ मागं सारली आणि एका झटक्यात सोडली.

"बास कर पोरी," तानाबाई म्हणाली. "म्या नेला म्याडम. माझा फोटू म्या नेला. हिला पुसायला सांगिटलं त्ये बी मीच. हिचा काय गुन्हा न्हाय."

"पण का?" रुचितानं विचारलं. "अहो, सगळ्यात चांगला फोटो होता तुमचा."

मग रशिदाच बोलली, अगदी हळू.

"मुडशिंगी तुमचं गाव. बाजारात तुम्ही कुणालाही न विचारता थेट कासाराच्या दुकानापुढं जाऊन उभ्या राहिलात, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या मुलीनं नाव सांगितलं नाही, तरी तुम्हाला ठाऊक होतं. तिच्या मनगटावरचा डागही ठाऊक असणार. ती तुमची मुलगी आहे, तानाबाई. आणि तिनं तुम्हाला ओळखलं नाही."

तानाबाई खाली बसली. सावकाश, भिंतीला धरून.

"आज्जी म्हनली मला," ती म्हणाली. "चुलीवरचं आदान सांडून भाजलंतं तिला, चार वर्साची आस्ताना. रात आन् दिस मांडीवर घेऊन बसलोतो. आनि आज्जी म्हनली."

तमन्ना तिच्या कुशीत शिरली.

"आणि काल आलेला तो माणूस?"

"दीर हाय माझा. हंबीरराव. मालक गेलं आनि माझं डोकं फिरलं. त्येनंच इस्पितळात घातलं. कासाराच्या बायकूला वळख पटली आसंल, तिनं त्येला सांगिटलं, ओसरीच्या बायकांत हुती म्हनून." ती थांबली. "त्यो म्हनला, वयनी, नऊ वर्सामागं तुमचं दिवस घातल्यात आमी. गावाला सांगिटलंय, तानाबाई मेली. मला ठावंच न्हवतं म्याडम. मी मेलोय ह्ये मला कालच कळलं."

भांड्यांचा आवाज मागच्या दारी चालू होता, तो तेवढा ऐकू येत राहिला.

५

रुचिता सगळ्यात आधी भानावर आली आणि ती भयंकर चिडली. जिवंत बाईला मेली म्हणून सांगणारा माणूस! पत्ता खोटा दिला तो त्यानंच. पोलिसांत जायचं, आत्ताच्या आत्ता. तानाबाईनं तिचा हात घट्ट धरला आणि नुसती मान हलवली.

रशिदानं मंडपवाल्याचा नंबर शोधून फोन लावला. "प्रदर्शन चारला आहे. तुम्ही दोनला या," एवढंच ती म्हणाली.

दोन वाजता हंबीरराव आला. पन्नाशीचा, उंचापुरा, डोक्यावर पांढरी टोपी. रशिदाला वाटलं होतं, आरडाओरडा करेल. पण आत आल्याआल्या त्यानं टोपी काढून हातात घेतली आणि तानाबाईकडं न बघता उभा राहिला.

"मला काय बोलायचं त्ये बोला," तो म्हणाला. "पन सोमवारी पोरीचं लगीन हाय. तेवढं पार पडू द्या. मग जेलात घाला."

"खोटं का सांगितलंत?" रुचिता कडाडली.

"मॅडम, बारा वर्साची पोर हुती. शाळंत तिला येडीची पोर म्हनायची. घरी येऊन ती बोलायचीच न्हाय, आईगत गप बसायची. मला भ्या वाटलं, हिचं बी डोस्कं जातंय का काय. मेली म्हनलं तर लोकं हळहळली. पोरीला जवळ घेतली. येडीची पोर म्हनत हुती तीच मानसं आई न्हाय बिचारीला म्हनाया लागली." त्यानं हातातली टोपी चुरगळली. "कमलला मी माझ्या पोरांपरास कमी केलं न्हाय. धंद्याला बी तिचंच नाव दिलं. गगनबावड्याचं चांगलं घर मिळालंय. पेपरात फोटू आला, खाली नाव आलं, तर ती मानसं एका दिसात म्हागं फिरतील. आईचं डोकं फिरलंतं, पोरीचं बी फिरंल म्हनून."

रशिदाला त्याचा राग येत होता आणि येतही नव्हता. या सगळ्यात आपलाही हात आहे हे तिला टोचत होतं. फोटो चांगला आहे, पेपरात देऊ, असं तीच काल सगळ्यांसमोर मोठ्या उत्साहानं बोलली होती. आणि ते बोलणं ऐकणारी तानाबाई त्याच दुपारी नळावर उभी राहून आपलं मरण ऐकून आली होती.

"तुम्ही निदान भेटायला तरी यायचं होतं," ती म्हणाली.

"कुठल्या तोंडानं येऊ? दहावं घातल्यालं मानूस भेटाया कसं यायचं?"

तानाबाईनं मान वर केली.

"भावजी, एक इचारू?"

"इचारा की वयनी."

"माझं दिवस घातलं तवा… कमळी रडली का?"

हंबीररावानं टोपी तोंडाला लावली.

"तीन दिस भाकरीचा तुकडा तोंडात घातला न्हाय वयनी. तुमचं लुगडं घेऊन निजायची. सासरी नेनार म्हनून परवाच तिनं त्ये ट्रंकंत ठेवलंय."

तानाबाईनं डोळे मिटून घेतले. चेहऱ्यावर काय होतं ते रशिदाला सांगता आलं नसतं. तीस वर्षांत तिनं असा चेहरा कॅमेऱ्यात धरला नव्हता आणि आता धरायची इच्छाही नव्हती.

"जावा तुमी," तानाबाई म्हणाली. "मांडवाचं काम पडलं आसंल. हळद कवा हाय?"

"रव्वारी."

"तिला हळद लई झोंबती. लहानपनापासनं. दुधात कालवून लावा म्हनावं."

६

चार वाजता पाहुणे आले. दोरीवर तीस फोटो होते. मधली जागा भरायला रशिदानं बाकीचे सरकवून घेतले होते, कुणाच्या लक्षातही आलं नाही. रुचितानं मंडळाला फोन केला नाही. तमन्नानं पाहुण्यांना सगळ्यांचे कॅमेरे दाखवले, कोणतं बटण कशाला ते न अडखळता सांगितलं. पेपरवाल्यानं तिनंच काढलेला पोळ्यांच्या डब्याचा फोटो निवडला. तानाबाई एका कोपऱ्यात बसून सगळ्यांना चहा झाला का, चहा झाला का विचारत होती.

पाहुणे गेल्यावर रशिदानं मोबाईल काढून तिच्यापुढं धरला.

"अजून एक प्रत आहे, तानाबाई. माझ्याकडं. तुम्ही सांगाल तसं."

तानाबाईनं तो हात, त्या बांगड्या, तो आरसा बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "पुसा."

आयुष्यात रशिदानं चांगला फोटो कधी नष्ट केला नव्हता. बापाची शिकवणच तशी होती. तिचा अंगठा थोडा वेळ हवेतच राहिला. मग तिनं दाबला. वाकळीतला फोटो मात्र कुणी मागितला नाही.

सोमवारी तानाबाईनं न्हाऊन नवं लुगडं नेसलं. कुणी काही विचारलं नाही. तमन्नानं शिरा केला, अकराजणी आणि रुचिता पंगतीनं जेवल्या, केरबालाही ताट गेलं. बाराच्या सुमाराला तानाबाईनं मूठभर तांदूळ घेतले, दारापर्यंत गेली आणि मुडशिंगीच्या दिशेनं टाकले. चिमण्या आल्या, तशी परत फिरली.

रुचितानं नंतरही दोनतीनदा विषय काढला. तुम्ही जिवंत आहात हे गावात कागदोपत्री सिद्ध करू, हक्क आहे तुमचा. तानाबाई दर वेळी म्हणायची, "बगू की. पोर जरा रुळू दे." हंबीररावाचा महिन्याकाठी एक फोन यायचा, केरबाच्या मोबाईलवर. तानाबाई फार बोलायची नाही. ऐकायची आणि शेवटी "बरं" म्हणायची.

रशिदाचा बुधवार चालूच राहिला. एका बुधवारी पुढची सहल कुठं काढायची यावर बायकांचा गलका चालला होता. कुणी पन्हाळा म्हणत होतं, कुणी जोतिबा. तानाबाई कॅमेऱ्याची काच पदरानं पुसत बसली होती. गलका जरा कमी झाल्यावर तिनं हळूच विचारलं,

"म्याडम, गगनबावड्याला जाऊया का?"

तमन्नानं रशिदाकडं बघितलं. रशिदानं वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

"तिकडं धुकं लई आस्तंय म्हनं," तानाबाई पुढं म्हणाली. "धुक्यात फोटू येतोय का मानसाचा?"

"येतो की," रशिदा म्हणाली. "फक्त जवळ जावं लागतं."

तानाबाईनं थोडा विचार केला.

"लई जवळ न्हाय जायाचं," ती म्हणाली. "लांबनं जेवढा येतोय तेवढा बास."